वाकणारी पट्टी मोडली कशी?

१

पुढे जे सांगायचं आहे ते कुणालाही खरं वाटणार नाही. न वाटलं तरी मामांना त्याचं काडीइतकं दुःख नव्हतं. ऐकताक्षणी खरी वाटते त्या गोष्टीत त्यांना मुळी रसच नसे.

मामा विमा कंपनीत फुटक्या मालाचे तपासनीस होते. फुटलेली बशी हातात घ्यायची आणि ती पडली की पाडली ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. निवृत्तीनंतर धंदा सुटला, पण थापांची सवय सुटली नाही. कपाच्या एका तुटक्या कानाकडून आपण एकदा कबुलीजबाब घेतला होता आणि कपाच्या दुसऱ्या अर्ध्याने साक्ष दिली होती, असं ते गळ्याची शपथ घेऊन सांगत. गळा अर्थातच समोरच्याचा.

पण मागच्या आठवड्यात मामांनी जे पाहिलं, ती थाप नव्हती. त्यांच्या भाचीने काचेसारख्या पारदर्शक सिरॅमिकची एक पातळ पट्टी दाबयंत्रात धरली, मूठ फिरवली आणि पट्टी वाकली. ती मोडली नाही, तडकलीही नाही. धनुष्यासारखी वाकली आणि वाकलेलीच राहिली. मामांना आयुष्यात पहिल्यांदा काय बोलावं ते सुचेना. सुचलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ठिकरे, आता मी लोकांना काय थापा मारू? तू तर खरंच करून बसलीस!"

ठिकरी हे भाचीचं लहानपणापासूनचं टोपणनाव. फ्रॉकच्या खिशात फुटक्या बशांचे तुकडे घेऊन हिंडायची, म्हणून ठिकरी. मोठी होऊन सिरॅमिकचीच शास्त्रज्ञ झाली. सासरही असं नामी मिळालं, की देवाने नकाशा काढून दिल्यासारखं. अंगणाच्या एका बाजूला सासूबाईंची भट्टी, तिथे भांडी आणि फरशा भाजल्या जात. दुसऱ्या बाजूला सासऱ्यांचा पत्र्याचा कारखाना. सासरे म्हणत, "धातू वाकतो, मोडत नाही." सासूबाई म्हणत, "माती मोडते, वाकत नाही." या दोन वाक्यांवर त्यांचा संसार सुखाने भांडत चालला होता. थोरला मुलगा, म्हणजे ठिकरीचा नवरा, जहाजावर नोकरीला. धाकटा, म्हणजे दीर, घरच्या मालाची विक्री पाही.

आणि या दोन वाक्यांच्या मधोमध सुनेने आपली खाट टाकली होती. धातूसारखं लाटायचं, पण लाटायचं सिरॅमिक! सासऱ्यांनी तिला छोटं पोलादी चाक बनवून दिलं. पट्टीवरून ते हलक्या दाबाने मागेपुढे, मागेपुढे फिरवत राहायचं. "धातू वाकतो, कारण त्याच्या आतले थर एकमेकांवरून सरकतात," ठिकरीने मामांना समजावलं होतं. "सरकायला वाटा लागतात. सिरॅमिकच्या पोटात त्या वाटा जवळपास नसतातच. म्हणून ते सरकत नाही, तडकतं. मी चाकाने त्या वाटा आधीच पाडून ठेवते."

"आणि चाक माझं आहे!" सासरे मध्येच म्हणाले होते. "कडेला बारीकशी खाच आहे बघा. मुद्दाम ठेवलीय. पट्टीवर तिचे ठिपके उमटतात. ती माझी सही."

तर आज त्या पट्टीच्या जुळ्या बहिणीची परीक्षा होती. नव्या शोधांची तपासणी करणाऱ्या मंडळाकडून एक परीक्षक बाई आल्या होत्या. इस्त्रीची साडी, इस्त्रीचा चेहरा. काम होईपर्यंत चहाला हात लावणार नाही म्हणाल्या. सगळं घर दाबयंत्राभोवती जमलं. सासऱ्यांनी धुतलेला सदरा घातला होता, आणि पट्टीकडे ते असे बघत होते, की जणू नातीचं पहिलं भाषण आहे.

ठिकरीने मूठ फिरवली.

टक्!

एवढासा आवाज. पट्टीचे दोन तुकडे झाले.

परीक्षक बाईंनी एक तुकडा उचलला, उजेडात धरला आणि खाली ठेवला. "हे साधं सिरॅमिक आहे. जसं मोडायला हवं तसं मोडलं. आधीची वाकलेली पट्टी दाखवू नका, वाकडी पट्टी घासून वाकडीच बनवता येते. मला अहवालात एकच शब्द लिहावा लागेल."

"कोणता?" ठिकरीने विचारलं. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नसावा.

"बनाव."

२

हा शब्द कागदावर उतरला, की पुढे कुठल्याही प्रयोगशाळेने ठिकरीच्या पट्टीकडे ढुंकून पाहिलं नसतं. हे तिला ठाऊक होतं, मामांनाही ठाऊक होतं. म्हणून मामांनी परीक्षक बाईंसमोर हात जोडले.

"बाई, संध्याकाळपर्यंत शब्द पेनातच ठेवा. या घरात कुणीतरी पट्टीला हात लावलाय. मी शोधून देतो."

"तुम्ही कोण?"

"मी फुटक्या वस्तूंचा वकील. एकदा एका बरणीने मला..."

"बरणी राहू द्या," बाई म्हणाल्या. "नियम सांगते. मोडलेल्या नमुन्याला मी दुसरी संधी देत नाही. मात्र नमुन्याशी छेडछाड झाली असेल, आणि ज्याने केली त्याने स्वतःच्या तोंडाने माझ्यासमोर कबूल केलं, तर देता येते. मग याच तुकड्याला तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा लाटा आणि वाकवून दाखवा. तुमचा तर्क मला नको. कबुली हवी. संध्याकाळी माझी गाडी आहे."

मामा आणि ठिकरी तुकडे घेऊन तिच्या खोलीत आले. ठिकरीचे डोळे कोरडे होते. मामांना तेच जास्त लागलं. रडली असती तर एखादी थाप मारून हसवता आली असती.

तिने चकाकी रोखणाऱ्या उन्हाच्या चष्म्याच्या दोन काचा एकमेकींसमोर आडव्या-उभ्या धरून उजेड अडवला आणि मध्ये आठवड्यापूर्वीची वाकलेली पट्टी ठेवली. अंधाऱ्या काचांमध्ये पट्टीत चंदेरी रेघा उजळल्या, पावसाच्या तिरप्या धारांसारख्या.

"या त्या वाटा, मामा. चाकाने पाडलेल्या." मग तिने मोडका तुकडा धरला. काचांमध्ये काळोख. एकही रेघ नाही.

"वाटाच नाहीत," मामा म्हणाले.

"आणि हेही बघा. माझ्या प्रत्येक पट्टीच्या टोकाला मी पेन्सिलने बरोबरची खूण करते. तीही नाही." तिने तुकडा टेबलावर ठेवला. "ही माझी पट्टी नाहीच. कुणीतरी बदललीय. न लाटलेली ठेवली आणि माझी पळवली. पण घरातलंच कुणीतरी, मामा! कपाटाची किल्ली खिळ्यावर असते, हे बाहेरच्याला कसं कळेल?"

"बाहेरच्याला कळायचं कारण नाही. परीक्षक बाई तर आज सकाळीच उगवल्या. म्हणजे उरले तुझे सासू, सासरे आणि दीर."

"मी कुणावर संशय घेऊ? याच घरात मला जेवायचंय उद्या."

"संशय मी घेतो. मी पाहुणा आहे, उपाशी गेलो तरी चालेल. तू जा, तोंड धू."

ती गेल्यावर मामांनी खिशातलं जुनं भिंग काढलं. पट्टी बदलली, हे पटण्यासारखं होतं. इतकं सरळ पटण्यासारखं होतं, की मामांना ते आवडेना. त्यांनी तुकड्याची पाठ तिरप्या उजेडात धरली आणि भिंग खाली आणलं.

पट्टीच्या कडेने बारीक ठिपके ओळीने चालले होते. सारख्या अंतराचे. चाकाच्या खाचेचे.

मामा खुर्चीत बसले. या पट्टीवरून सासऱ्यांचं चाक फिरलं होतं. म्हणजे पट्टी तीच होती. पण पोटात चाकाची एकही वाट नव्हती. म्हणजे ती तीच नव्हती.

३

पट्टी बदललीय, ही बातमी एव्हाना घरभर झाली होती. दीर विक्रीच्या खोलीत फोनवर कुणाला तरी "नमुना उत्तम आहे, उत्तम" असं घाम पुसत सांगत होता. मामांना पाहून त्याने फोन ठेवला.

"काय भाऊजी, वहिनीचा नमुना विकलात का कुणाला?"

"मामा, काहीही काय! वहिनीच्या पट्टीवर मी या घराचं नाव मोठं करणार होतो. मीच ती मोडू का?"

"मोडली म्हणत नाही मी. हात लावलात का, विचारतोय."

दीराचं बोट टेबलावर उगाच गोल गोल फिरू लागलं.

"एकदा एका फुलदाणीच्या मालकाने असंच बोट फिरवलं होतं," मामा म्हणाले. "मी त्याला म्हटलं, फुलदाणीवरचे ठसे आपणहून उठून तुमच्या बोटाकडे चालत येतायत बघा. तो बेशुद्ध पडला."

"खरंच?"

"नाही. पण तुम्ही पांढरे पडलात."

दीराने मान खाली घातली. "काल संध्याकाळी फोटो काढायला घेतली होती. फक्त फोटो. वहिनीने कुणी हात लावू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून बोललो नाही. लगेच परत ठेवली. हे बघा."

फोनच्या पडद्यावर पट्टी चमकत होती. मामांनी बोटांनी चित्र मोठं केलं. टोकाला पेन्सिलची खूण, स्वच्छ आणि ठसठशीत.

"नंतर?"

"नंतर मी परीक्षक बाईंना आणायला गावाबाहेर गेलो. रात्र त्यांच्या विश्रामगृहातच काढली. सकाळी त्यांना घेऊनच आलो. विचारा त्यांना."

मामांनी विचारलं नाही. इस्त्रीचा चेहरा खोटं बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. काल संध्याकाळी खूण होती, आज सकाळी नव्हती. मधल्या वेळात घरात तीनच माणसं. त्यातली एक ठिकरी.

"भाऊजी, तुमचे आई-बाबा काल कसे होते?"

"बाबा खुशीत. गुणगुणत होते. आई..." दीर अडखळला. "आई म्हणाली, ज्या मातीला मोडायची लाज वाटते, ती कसली माती!"

४

सासूबाई भट्टीच्या खोलीत भांडी तपासत होत्या. एकेक भांडं उचलायचं, टिचकी मारायची. खणखणलं तर उजवीकडे, बद्द वाजलं तर डावीकडे. मामांना त्यांनी तशीच नजरेने टिचकी मारली.

"या मामा. मला फासावर चढवायला आलात ना?"

"विहीणबाई, तुम्हाला चढवायला दोर कुठून आणू? मी चहा मागायला आलोय."

"चहा मिळेल. कबुली मिळणार नाही. मी ऐकलं, माझा लेक तुम्हाला काय म्हणाला ते. हो, म्हटलं मी. माती मोडते तेव्हा खरं बोलते. चिमटा घेतला की वाकणारी माती मला लबाड वाटते." त्यांनी एका वाडग्याला टिचकी मारली आणि तो उजवीकडे ठेवला. "पण सून माझी आहे. तिने जगात कुणी केलं नाही ते केलं, आणि माझ्या घरात केलं. शेजारपाजारी सांगून सांगून माझा घसा बसलाय. मी तिची पट्टी बदलीन?"

"बदलली नाही कुणी."

सासूबाईंचा हात हवेतच थांबला.

"मग?"

"ते मलाच कळत नाहीये. म्हणून तुम्हाला एक विचारतो. काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत या खोलीत काही नवं, वेगळं?"

त्यांनी वाडगा खाली ठेवला. मग कोपऱ्यातल्या छोट्या भट्टीकडे हनुवटी उडवली. पेटीएवढी भट्टी, रंगांची चाचणी घ्यायची.

"सकाळी मी तिच्यावर हात ठेवला, तर कोमट होती. मी पेटवली नव्हती. बोलले असते तर तुम्हीच म्हणाला असतात, भट्टी सासूची, म्हणजे पाप सासूचं. म्हणून गिळलं. आणि वर कुणीतरी माझी पांढरीशुभ्र फळी घाण केलीय! या, बघा."

भट्टीच्या आतल्या फळीवर काळपट खपल्या पडल्या होत्या. पातळ, ठिसूळ, कांद्याच्या करपलेल्या सालीसारख्या. मामांनी एक खपली नखाने उचलली आणि खिशातल्या चुंबकाजवळ नेली. टप्पदिशी चिकटली.

"चुंबक घेऊन फिरता?" सासूबाईंनी विचारलं.

"एका वाघाने दिला होता. विहीणबाई, तुम्ही भट्टीत लोखंड घालता?"

"लोखंड? माझ्या भट्टीत? मामा, चहा हवा असेल तर तोंड सांभाळून बोला!"

५

पत्र्याच्या कारखान्यात रोलर घरघरत होते. सासरे तांब्याचा पत्रा लाटत होते. मामांना बघून त्यांनी यंत्र थांबवलं नाही, नुसती मान हलवली. दुःखात माणूस देवळात जातो, व्याही रोलरपाशी गेले होते.

"व्याहीबुवा, वाईट झालं."

"फार वाईट झालं, मामासाहेब. फार वाईट." त्यांनी पत्रा पुन्हा रोलरमध्ये घातला. "ज्याने बदलली त्याला मी सोडणार नाही. अहो, ती पट्टी रेशमासारखी वाकली असती. मी लिहून देतो! रेशमासारखी!"

"इतकी खात्री?"

"चाक माझं. हात माझ्या सुनेचा. खात्री नसेल तर काय!" बोलताना त्यांची छाती फुगली, आणि लगेच खाली बसली. "पोरीने जेवणाला हात लावला नाही आज. तिच्या तोंडाकडे बघवत नाही मला."

पत्रा रोलरच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आला. आधीपेक्षा पातळ आणि लांब. मामांनी तो वाकवून पाहिला. ताठ होता, अडेलतट्टू.

"हा तर हट्टी झालाय."

"होणारच. लाटलं की धातू ताठतो. तेव्हा लगेच वाकवायला गेलात तर कडेला चिरतो. म्हणून मध्येच त्याला ताव द्यायचा." सासऱ्यांनी चिमट्याने पत्रा उचलून पाठीमागच्या भट्टीत सरकवला. बोलता बोलता त्यांचा आवाज मऊ झाला, जणू मुलाला निजवतायत. "लाल होऊ द्यायचा. मग सावकाश निवू द्यायचा. बाहेर येतो तो लोण्यासारखा. लाटलेला पत्रा ताव न देता वाकवायला देणारा कारागीर या कारखान्यात उभा राहू शकत नाही. माझ्या बापाने मला घास भरवायच्या आधी हे शिकवलं."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. विसरला तर कारागीर कसला?"

भट्टीशेजारी लोखंडी थाळ्यांची चवड होती. मामांनी वरच्या थाळीवरून बोट फिरवलं. बोटाला काळ्या खपल्या चिकटल्या.

मामांना एखादी गोष्ट आठवली की ती सांगितल्याशिवाय राहवत नसे. वाघाची, बरणीची, फुलदाणीची. त्या क्षणी त्यांना एकही आठवली नाही. ते व्याह्यांच्या पाठीकडे बघत उभे राहिले. तो धुतलेला सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

मग ते वळले आणि अंगण ओलांडून ठिकरीकडे गेले.

"ठिकरे, एकच सांग. चाकाने पाडलेल्या वाटा पुन्हा बुजवता येतात?"

ठिकरीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

६

संध्याकाळी सगळे दाबयंत्राच्या खोलीत जमले. परीक्षक बाईंनी पिशवी गुडघ्यावर घेतली होती. सासूबाईंनी चहा ठेवला होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. सासरे भिंतीशी खुर्चीत, हात मांड्यांमध्ये धरून बसले होते.

"पट्टी बदललेली नाही," मामांनी सुरुवात केली. "टोकाची पेन्सिलची खूण आणि आतल्या रेघा गायब आहेत, म्हणून तसं वाटलं होतं. पण हे भिंग घ्या बाई. ते ठिपके चाकाच्या खाचेचे. असं चाक जगात एकच आहे."

बाईंनी पाहिलं. भुवया किंचित वर गेल्या. "मग पेन्सिलची खूण?"

"पेन्सिल म्हणजे कोळशाची मावसबहीण. जळून गेली. ठिपके पट्टीवर कोरलेले होते, ते राहिले. खूण वरवरची होती, ती गेली."

"आणि आतल्या रेघा?"

"ते मी सांगते," ठिकरी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खणखणला. "लाल होईपर्यंत तापवलं, की स्फटिकातले अणू जागेवर परततात. वाटा बुजतात. पट्टी लाटायच्या आधी होती तशी होते. आणि तशी असताना ती जशी मोडायला हवी, तशीच मोडली. माझ्या पट्टीने कुणाला फसवलं नाही. तिला जे केलं त्याचंच तिने उत्तर दिलं."

सासूबाईंनी पदराने डोळ्याचा कोपरा टिपला आणि कुणी बघितलं का ते पाहिलं.

"पण असं करेल कोण?" दीर म्हणाला. "वहिनी, तू सगळ्यांना बजावलं होतंस ना?"

"पाडू नका म्हटलं. घासू नका म्हटलं. ओली करू नका म्हटलं. तापवू नका, असं..." ठिकरी थांबली. "ते म्हणायचं मला सुचलंच नाही. तयार पट्टी उगाच कोण तापवेल?"

"वैऱ्याने तापवली नाही," मामा म्हणाले. "वैरी दगडाने फोडतो. सोपं काम. ज्या हाताने भट्टी पेटवली त्या हाताला पट्टीचं भलं करायचं होतं. विहीणबाई लोखंडाची थाळी भट्टीत नेणार नाहीत, आधी मला नेतील. भाऊजी गावात नव्हते. हे काम अशा माणसाचं आहे, ज्याला लाटलेली वस्तू तशीच ताठ सोडवत नाही. धातू लाटला की ताठतो, ताव दिला की मऊ होतो. सून म्हणाली, माझी पट्टी आता धातूसारखी झालीय. त्याने तिचा शब्द खरा मानला. पट्टीला धातूचा मान दिला. फक्त एवढंच त्याला कुणी सांगितलं नाही, की इथे गणित उलटं आहे. धातूला ताव देऊन लवचीक करतात, आणि हिला ताव दिला तर लवचीकपणाच जातो."

सासूबाई नवऱ्याकडे बघत होत्या. दीर बापाकडे बघत होता. ठिकरी मात्र मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती. सासरे स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि ओठ असे मिटलेले, की पकडीने उघडावे लागले असते.

"तर्क चांगला आहे," परीक्षक बाई म्हणाल्या. "पण मी सकाळीच सांगितलं. तर्क नको." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

मामांनी आयुष्यभर माणसं पाहिली होती. काही माणसं चोर म्हटलेलं गिळतात. नालायक म्हटलेलंही गिळतात. सुनेसमोर मान खाली जायची वेळ आली, तर जीभ चावून मरतात पण बोलत नाहीत. मात्र त्यांच्या हातच्या कामाला नाव ठेवलेलं त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

"थांबा बाई," मामा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसले. "कबुली नसली तर नसो. लिहायचंच आहे तर पूर्ण हकीकत लिहून घ्या. काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो. माणूस भलता धांदरट. त्याने थाळी भट्टीत आदळली. मोजमाप नाही, काही नाही. पट्टी लाल झाली की नाही, तेही धड बघितलं नाही. मग घाई झाली. सांडशीने ओढून काढली, धावत अंगणात आला, आणि तशीच तापलेली पाण्याच्या बादलीत टाकली. चर्र!"

ठिकरीने वळून तोंड उघडलं. तापलेली पट्टी पाण्यात पडली असती तर तिथेच तिच्या चिंधड्या झाल्या असत्या, हे शाळकरी पोरालाही सांगता आलं असतं. मामांनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला.

"बादलीही गढूळ," मामा पुढे म्हणाले. "फरशी पुसायची असावी. मग पट्टी बाहेर काढली तर किंचित वाकडी झालेली. आता काय करावं? त्याने हातोडा घेतला..."

"मामा!" सासूबाई म्हणाल्या.

"हातोडा घेतला आणि पायरीवर ठेवून ठोकली. ठाण, ठाण! कामाचा हातच नव्हता ना त्याचा. शिकाऊ पोरसुद्धा असं करणार नाही. ताव द्यायचा कसा, हे ज्याला आयुष्यात कुणी शिकवलं नाही, त्याच्या हातचं काम ते. लिहा बाई, बादलीत बुडवली..."

"साफ खोटं!"

खुर्ची भिंतीवर आपटली. सासरे उभे होते. राखेसारख्या चेहऱ्यावर रक्त चढलं होतं आणि बोट मामांच्या नाकावर रोखलेलं होतं.

"बादलीत? हातोडा? एवढी मोठी थाप मारताना जीभ झडत कशी नाही हो तुमची! माझी भट्टी तिला फार दांडगी पडेल म्हणून हिची छोटी भट्टी पेटवली, थाळीत मऊ वाळूचं अंथरूण घातलं मी, त्यावर ती निजवली, भट्टीचं दार लावून घेतलं आणि आपली आपण निवेपर्यंत बाजूला बसून राहिलो, दाराची फट म्हणून उघडली नाही! साध्या तांब्याच्या पत्र्याला मी कधी पाण्याचा थेंब लागू दिला नाही मामासाहेब, आणि माझ्या सुनेची पट्टी मी बादलीत बुडवीन?"